कार्ड आपल्या नावाचं!

‘आमच्याकडे ह्यांचं कार्ड आहे ना वाचनालयाचं, मग माझं वेगळं कशाला?’ भिशीत किंवा हळदीकुंकवाला पुस्तकांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. कार्ड ह्यांचं, त्यामुळे पुस्तकही ह्यांच्या पसंतीचं! ऑफिसातून येताना ते जे आणतील, ते आपण दुपारच्या निवांत वेळी वाचायचं. कित्येक जणींनी तर लग्नानंतर वाचनालयाची पायरीच चढलेली नसते. का, तर तिथे पुरुष मंडळी पेपर वाचत बसलेली असतात. त्यांच्यासमोरून आत जायला संकोच वाटतो.

पण मैत्रिणींनो, ते वाचनालय आपलंही आहे. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तमिळनाडू, कर्नाटकात ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर घेतात, आपल्याकडे तसा नाही. इथे गावातल्या संस्थेने वाचनालय चालवायचं आणि शासनाने त्याला अनुदान द्यायचं, अशी पद्धत आहे. पुस्तकं किती, सभासद किती, सोयी कोणत्या हे पाहून अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान ठरतं. 2022 मध्ये या अनुदानात 60 टक्के वाढ मंजूर झाली, तरी लहान गावातल्या वाचनालयाचा संसार अजूनही काटकसरीचाच आहे. अशा वेळी आपण चार-चौघी सभासद झालो, तर तेवढाच त्याला आधार.

बायकांनी वाचनालयात जावं हा विचार काही आजचा नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून आपल्या संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं विणलं. त्यात स्त्रियांची आणि मुलांची वेगळी सोय होती. जिथे वाचनालय नाही, तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात. पुढे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतही पेटीच आली. 100 पुस्तकांची पेटी एका गटाने वाचायची आणि मग दुसऱ्या गटाशी बदलून घ्यायची. सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या बायकांना एकत्र वाचायला ही कल्पना किती सोयीची!

सभासद होणं मुळीच अवघड नाही. एक अर्ज, फोटो, पत्त्याचा पुरावा, थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी, बस्स. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते. वर्तमानपत्रं वाचायला तर सभासदही व्हावं लागत नाही. आत गेल्यावर बुजू नका, सरळ विचारा. महिला विभाग आहे का? बालविभाग किती वाजता उघडतो? दिवाळी अंकांची योजना आहे का? लेक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असेल, तर अभ्यासिकेची चौकशी करा. घरात जागा आणि शांतता नसलेल्या मुलींना अभ्यासिकेतली एक खुर्ची फार मोलाची असते. हवं ते पुस्तक कपाटात नसेल, तर मागणी नोंदवून या. मागणीच झाली नाही, तर आपल्याला काय वाचायचंय ते त्यांना कळणार तरी कसं?

आता वेळेची अडचण. बरीच वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, म्हणजे नेमकी आपल्या डब्यांची आणि स्वयंपाकाची वेळ! यावर घरात बसून कुरकुर करण्यापेक्षा दहा-बारा जणींनी मिळून कार्यकारी मंडळाला अर्ज द्यावा. आठवड्यातून दोन दुपारी तरी बायकांसाठी वाचनालय उघडं ठेवा, असं सांगावं. आणि हा अर्ज सभासदांकडून गेला, तर त्याला वजन येतं. वार्षिक सभेची नोटीसही सभासदालाच मिळते. तिथे हिशेब विचारता येतो, मत देता येतं, पुढे कार्यकारिणीवरही जाता येतं. ह्यांच्या कार्डावर यातलं काहीच होत नाही.

शेवटी प्रश्न वर्गणीच्या पैशांचा नाहीच. महिन्याची वर्गणी एखाद्या भाजीच्या पिशवीपेक्षा जास्त नसते. प्रश्न आहे तो आपल्याला काय वाचायचंय हे आपण ठरवण्याचा. घरातल्या रेशनकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत बरंच काही दुसऱ्याच्या नावावर असतं. निदान एक कार्ड आपल्या नावाचं असू दे. उद्या भाजी आणायला निघाल तेव्हा पिशवीत एक फोटो टाका, आणि येताना वाचनालयाची पायरी चढून या. पहिल्या दिवशी दोन-चार माना वर होतील, आठवड्याभरात सगळ्यांना सवय होईल. आणि जमलंच, तर शेजारणीलाही सोबत न्या!