‘डिसआर्म’ म्हणजे नेमकं काय?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ‘हत्यार आण’ म्हटलं, तर पोरगा पाना किंवा हातोडी घेऊन येतो. तलवार कुणालाच आठवत नाही. खंडेनवमीला तिथे पूजाही याच हत्यारांची होते. मात्र त्याच वसाहतीत, ऑफिसच्या दाराशी बसवलेल्या चोर-अलार्मच्या पेटीवर ‘डिसआर्म’ हा शब्द दिसतो, तेव्हा प्रश्न पडतो. शब्दकोश सांगतो, ‘निःशस्त्र करणे’. पण पेटीजवळ कसलं आलंय शस्त्र?

‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रं. ती काढून घेणं म्हणजे ‘डिसआर्म’. हा झाला मूळ अर्थ. त्यातही शस्त्र कुणी काढलं याला महत्त्व आहे. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ साली शस्त्रकायदा झाला. भारतीयांना हत्यार बाळगायला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना मात्र सूट मिळाली. ही झाली सत्तेनं लादलेली निःशस्त्रता. याउलट १९९७ साली अंमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारात राष्ट्रांनी स्वतःहून बंधन स्वीकारलं. भारतानं आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केला. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो. मराठीत पहिल्याला ‘शस्त्रं काढून घेणं’ आणि दुसऱ्याला ‘शस्त्रत्याग’ म्हणावं लागेल.

माणसाचं हसणंही ‘डिसआर्मिंग’ असतं. उशिरा आलेला कामगार असा काही हसतो, की फोरमनच्या रागाचं पाणी होतं. इथे ‘निःशस्त्र करणारं हसू’ म्हटलं तर आपल्यालाच हसू येईल. ‘लोभस’ किंवा ‘राग विसरायला लावणारं’ म्हणावं.

खरी मेख पुढेच आहे. बॉम्ब ‘डिसआर्म’ केला म्हणजे धोका टळला. अलार्म ‘डिसआर्म’ केला म्हणजे राखण संपली. शब्द एकच, पण एका ठिकाणी निर्धास्त व्हायचं आणि दुसऱ्या ठिकाणी सावध. रात्रपाळीच्या रखवालदारानं पेटीवरचा शब्द बॉम्बच्या अर्थानं घेतला, तर उघड्या ऑफिसला तो सुरक्षित समजून बसेल.

म्हणून मला वाटतं, इथे शब्दकोशापेक्षा आपली जुनी बोली कामाला येते. पेटीवर दोन चिठ्ठ्या चिकटवाव्यात: ‘पहारा बसला’ आणि ‘पहारा उठला’. रखवालदाराला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.