बेचाळीस दिवसांचे अडीचशे रुपये

पुणे-नाशिक महामार्गावर मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की चिंबळी लागते, मग कुरुळी आणि त्यापुढे चाकणची औद्योगिक वसाहत. गेल्या काही वर्षांत इथल्या शेतांच्या कडेने भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे तिथे राहतात, पाळीत कामाला जातात आणि ठेका संपला की बिऱ्हाड हलवतात. अशा माणसाच्या आजारपणाचा धागा पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत कोण धरून ठेवणार? या प्रश्नाचे निम्मे उत्तर मोबदल्याच्या पद्धतीत आहे.

खासगी दवाखान्याचा हिशेब तपासणीगणिक असतो. रुग्ण आला, फी घेतली, चिठ्ठी दिली. तो पुन्हा आला नाही तर त्याला फोन करणे, मोठ्या रुग्णालयात पाठवले तर तिथे काय झाले याची चौकशी करणे, या कामाचे पैसे कुणीच देत नाही. डॉक्टर कितीही सहृदय असो, दाराशी रांग असताना हे काम मागे पडते.

याउलट मांडणीचा एक हिशेब महाराष्ट्राच्याच मातीत तयार झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ मध्ये केंद्राने हीच कल्पना देशभरातल्या आशा आरोग्यसेविकांच्या कामात आणली.

दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असते. बाळाला उघडे करून ती मिनिटभर छातीकडे बघत श्वास मोजते. ते ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि तेवढेच आले तर बाळाला दवाखान्यात न्यायला सांगते. आईचे दूध, नाळ, ताप, रक्तस्राव सगळे विचारते.

या सहा भेटींचे मिळून तिला २५० रुपये मिळतात, आणि तेही शेवटी: बाळाचे वजन नोंदलेले, जन्मनोंद झालेली, बीसीजी आणि पुढच्या लसींचे पहिले डोस दिलेले, बाळ-बाळंतीण ४२ व्या दिवसापर्यंत सुखरूप. आरोग्याच्या अर्थकारणात याला एकगठ्ठा मोबदला म्हणता येईल. नेदरलँड्समध्ये मधुमेहाच्या रुग्णासाठी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, डोळ्यांची तपासणी यांचे मिळून एकच पॅकेज ठरवले गेले, त्यामागचा विचारही असाच आहे.

विचार चांगला, रक्कम मात्र लाजिरवाणी. एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. शिवाय ‘सुखरूप’ ही अट कठोर आहे. सगळ्या भेटी नीट करूनही एखादे बाळ दगावते, तेव्हा त्या बाईचे श्रम खोटे ठरत नाहीत. महाराष्ट्रातल्या आशांना २०२३ मध्ये संपावर जावे लागले, त्यानंतर राज्याने त्यांच्या मोबदल्यात महिना ५ हजारांची वाढ दिली. कुरुळीसारख्या गावात आणखी एक अडचण येते. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते आणि बाळाला घेऊन महिन्या-दीड महिन्याने खोलीवर परतते. सहा भेटींचा सलग हिशेब दोन गावांत फाटतो.

क्षयरोगात हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. पण नुसत्या सक्तीने काम होईना, म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमात खासगी डॉक्टरसाठी मोबदला ठरला: रुग्ण कळवल्यावर ५०० रुपये, आणि उपचाराचा शेवट काय झाला ते कळवल्यावर आणखी ५००. दुसरे पाचशे मोलाचे. त्यांच्यामुळे सहा महिन्यांनी रुग्ण कुठे आहे हे विचारण्याची जबाबदारी कुणाच्या तरी हिशेबात येते. साध्या क्षयरोगाचे औषध पूर्ण करून घेणाऱ्या आशाताईला किंवा अन्य सहायकाला १ हजार रुपये, औषधाला दाद न देणाऱ्या क्षयात ५ हजार. रुग्णालाही पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १ हजार झाले.

आता ठेक्यावरच्या कामगाराचा विचार करा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, ठेका संपतो आणि तो रांजणगावला किंवा थेट गावी निघून जातो. ‘निक्षय’ प्रणालीत रुग्णाची नोंद एका जागेवरून दुसरीकडे पाठवता येते, पण त्याने जाताना सांगितले तर. अर्धवट सोडलेला क्षय पुढे औषधालाच जुमानेनासा होऊ शकतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण झोपतात.

कामगार विमा योजनेकडे हा धागा असायला हवा होता. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगाराचा पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के त्यासाठी जमा होतात. चिंचवडला मोहननगरमध्ये या योजनेचे रुग्णालय आहे. नोंदलेल्या माणसामागे डॉक्टरला ठरावीक रक्कम, तो आजारी पडो न पडो, ही पद्धतही या योजनेत जुनी आहे. पण पाळी सोडून चिंचवड गाठायचे म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. म्हणून कामगार जवळच्या दवाखान्यात रोख पैसे मोजतो.

मोबदला शेवटच्या टप्प्याला बांधण्याची दिशा बरोबर आहे. तो वाढवायला हवा, वेळेवर द्यायला हवा, आणि रुग्ण गाव बदलतो तेव्हा दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांत वाटून द्यायला हवा. तोवर खोल्यांच्या मालकांनी आणि ठेकेदारांनी एवढे करावे: नवी बाळंतीण आली की आशाताईला कळवावे. आणि खोली सोडणाऱ्या प्रत्येकाने बाळाचे लसीकरण कार्ड किंवा निक्षय क्रमांक सोबत घ्यावा, निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगून जावे.