एकच तोफ, दोन निकाल: संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो?

पीएचडीची तयारी करणारे नेहमी विचारतात, "विषय आहे, पण प्रश्न कुठून आणू?" सालेकशाहून मुंबईचा समुद्र रेल्वेने हजारेक किलोमीटर लांब आहे. तरी आज उदाहरण नौदलातलंच घेऊ.

इटलीच्या ओटो मेलारा कंपनीची ७६ मिमी तोफ पन्नासहून जास्त नौदलांनी वापरली. तिच्या बुरुजात माणूस बसत नाही. गोळे डेकखालून आपोआप वर येतात आणि नळी पाण्याने थंड होते. 'सुपर रॅपिड' प्रकार मिनिटाला १२० गोळे झाडतो. विमान, बोट, किनारा, सगळ्यांवर ती चालते. आपल्याकडे भेलच्या हरिद्वार कारखान्यात ती परवान्याने बनते. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आयएनएस शिवालिक, कोलकाता आणि विशाखापट्टणम या जहाजांवर तीच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आणखी १६ सुधारित तोफांचा करार केला.

आता दुसरी बाजू बघा. हीच तोफ रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवून १९८० च्या दशकात 'ओटोमॅटिक' तयार झाली. हेतू असा, की लांबूनच क्षेपणास्त्र सोडणारं हेलिकॉप्टर लहान तोफांच्या टप्प्याबाहेर राहतं. ७६ मिमी तिथवर पोचते. पण एकाही सैन्याने ती घेतली नाही. इटलीच्या सैन्याने चार २५ मिमी नळ्यांची 'सिडॅम' घेतली. २०१० मध्ये आठ चाकी गाडीवर 'ड्रॅको' आली. तिलाही सैन्यात जागा मिळाली नाही.

इथे प्रश्न तयार होतो: समुद्रावर यशस्वी झालेली तोफ जमिनीवर का रुजली नाही?

लगेच "वजन जास्त होतं" असं लिहून मोकळं होऊ नका. तो निष्कर्ष नाही, ते एक गृहीतक आहे. किंमत हे दुसरं, शीतयुद्ध संपणं हे तिसरं, स्वस्त क्षेपणास्त्रांची स्पर्धा हे चौथं. प्रत्येकासमोर लिहा: हे खरं असेल तर कोणता पुरावा दिसायला हवा? उदाहरणार्थ, शीतयुद्ध संपणं हेच एकमेव कारण असेल, तर १९८९ च्या आधी एखाद्या सैन्याने खरेदीची गंभीर तयारी केलेली दिसली पाहिजे. आणि वजन हेच कारण असेल, तर हलकी 'ड्रॅको' विकली जायला हवी होती. ती विकली गेली नाही, म्हणजे नुसतं वजन पुरेसं नाही.

फक्त यशस्वी उदाहरणं वाचली असती तर हा प्रश्न दिसलाच नसता. म्हणून तुमच्या विषयात जे चाललं नाही, त्याची यादी आधी करा. सिनॉप्सिस तिथूनच सुरू होतो.