कायद्यात न सापडणारी सक्ती

जुन्या काळातला सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा हाती आला की नजर आधी वयाच्या अटीवर जाते. ब्रिटनचा 1916 चा लष्करी सेवा कायदा त्या कलमातच हादरवतो. 18 ते 41 वयाचे अविवाहित पुरुष 2 मार्चपासून सैन्यात दाखल झालेच, असं कायद्यानं मानून टाकलं. सही नाही, शपथ नाही. मे महिन्यात विवाहितांनाही त्यात ओढलं, 1918 मध्ये वयोमर्यादा आणखी वाढवली. त्यामुळे कोण केव्हा कचाट्यात सापडला, हे मूळ कायद्यावरून कळत नाही. प्रत्येक दुरुस्ती तारखेनिशी लावून बघावी लागते.

माझ्या मते खरा ऐवज आहे तो सवलतीच्या कलमात. राष्ट्रोपयोगी काम, घरची बिकट परिस्थिती, आजारपण आणि सदसद्विवेकबुद्धी, या कारणांवर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येई. पहिलं महायुद्ध संपल्यावर ही कागदपत्रं नष्ट करण्याचे आदेश निघाले. नमुना म्हणून मिडलसेक्स आणि स्कॉटलंडमधल्या लोदियन-पीबल्सच्या अपील न्यायाधिकरणांची दप्तरं ठेवली. मिडलसेक्सच्या दप्तरात आठ हजारांहून अधिक माणसं आहेत. युद्धाला तत्त्वतः विरोध करणारे त्यांत थोडेच. बहुतेकांचं गाऱ्हाणं दुकानाचं, धंद्याचं, घरातल्या एकट्या कमावत्या हाताचं. कायदा कुणाच्या चुलीपर्यंत पोचला, हे या अर्जांतूनच समजतं.

हिंदुस्थानात मात्र उलटा पेच आहे. 1917 च्या भारतीय संरक्षण दल कायद्यानं सक्ती केली ती इथल्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर. भारतीयांसाठी भरती ऐच्छिक होती. कायदा तेवढाच वाचणारा इथेच थांबेल. पण पंजाबात लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायरच्या कारभारात गावागावांवर भरतीसाठी दडपण आलं. त्याच्या तक्रारी काँग्रेसच्या पंजाब चौकशी समितीच्या 1920 च्या अहवालात वाचायला मिळतात. गांधीजींबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मु. रा. जयकरही त्या समितीत होते. ही सक्ती कायद्याच्या कुठल्याच कलमात नाही. ती जबान्यांत आहे.

तुमच्या घराण्यातलं कुणी पहिल्या महायुद्धात गेलं असेल, तर ‘सक्तीचा कायदा नव्हता, म्हणजे आपखुशीनंच गेले’ असं ठरवून मोकळे होऊ नका. राजपत्र जरूर बघा, पण महसुली दप्तरं आणि लोकांचे अर्जही मागवून वाचा.