सायकलचे कपडे कोणी धुवायचे?

आपल्या घरांतून आता सायकल फक्त शाळा-बाजारापुरती राहिलेली नाही. फजरनंतर मुले वीस-पंचवीस किलोमीटर फिरून येतात आणि अम्मीच्या धुण्यात एक नवाच कपडा पडतो: अंगाला घट्ट बसणारी, आत जाड गादी शिवलेली शॉर्ट. किमतीने ती ईदच्या जोडाशी बरोबरी करते, पण धुतली जाते चादरींबरोबर. गरम पाणी, पावडर, रात्रभर भिजत आणि वर ब्रश.

सुती सदऱ्याला हे सारे सोसते. ही शॉर्ट मात्र नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये ताणदार धागा मिसळून विणलेली असते. दुकानदार त्याला लायक्रा म्हणतात. अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी हा धागा 1958 मध्ये शोधला. उष्णता आणि क्लोरीनचे ब्लीच हे त्याचे दोन शत्रू, म्हणून इस्त्रीही नको. कपडे मऊ व सुगंधी करणारे द्रवही टाळावे. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड घाम शोषून बाहेर टाकेनासे होते.

खरा प्रश्न त्या गादीचा आहे. पूर्वी ती चामड्याची असे, आता कृत्रिम कापड व फोमची असते. ही शॉर्ट आतल्या कपड्याविना थेट अंगावर घालायची असते, कारण आतली शिवण मांडीला घासते. साहजिकच एकदा घातली की धुतलीच पाहिजे. घामट गादी पिशवीत तशीच राहिली तर त्यात जंतू वाढतात, मग जांघेत फोड येतात, गजकर्ण होते. मुले लाजेने घरी बोलत नाहीत, चुपचाप पावडर लावत राहतात.

आमच्या मते हे काम अम्मीचे नाहीच. ज्याने घाम गाळला त्याने आंघोळीच्या वेळीच शॉर्ट उलटी करून थंड पाण्यात सौम्य लिक्विड साबणाने हाताने चोळावी. पाच मिनिटे लागतात. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि गादी वर ठेवून सावलीत वाळत घालावी. मशीनच लावायचे असेल तर जाळीच्या पिशवीत, 30 अंशांच्या आतल्या पाण्यात. चिकटपट्टीचे हातमोजे वेगळे ठेवावेत, ती पट्टी कापडाचे धागे ओढते. मुलींचे ताणदार स्कार्फही याच रीतीने धुवावेत. चेनच्या तेलाचा डाग पडला तर भांडी घासायचा लिक्विड साबण कोरड्या डागावरच लावून थोडा वेळ ठेवावा, मग धुवावे.

कोकणातल्या पावसात गादी दिवसभरातही वाळत नाही. पंख्याखाली टांगावी आणि दुसरा जोड ठेवावा. ओलसर गादीवर बसण्यापेक्षा त्या दिवशी सायकल घरी राहिलेली बरी. शॉर्ट जुनी झाली की नाही हे पाहायला ती दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरावी. मागचे कापड पारदर्शक दिसू लागले असेल, तर ती रस्त्यावर घालण्याजोगी राहिलेली नाही.