संत्र्याची सालं आणि देवाची बाग

पांढुर्णा-सौसरकडच्या ख्रिस्ती बंधू-भगिनींनो, उत्पत्ती २:१५ सांगतं की देवानं माणसाला एदेन बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. मालकी त्याची, राखणदार आपण. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाचा २११ वा परिच्छेद तर थेट घरात शिरतो: प्लास्टिक टाळा, पाणी जपून वापरा, खाल तेवढंच शिजवा, कचरा वेगळा करा.

आपल्याकडे सुरुवात संत्र्यापासूनच व्हावी. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, म्हणजे साधारण उपवासकाळातच. सालं फेकू नका. १ भाग गूळ, ३ भाग सालं आणि १० भाग पाणी जुन्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये घाला, वर थोडी जागा रिकामी ठेवा. काचेची बरणी नकोच, वायूच्या दाबानं ती फुटू शकते. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडा. ३ महिन्यांनी गाळलंत की फरशी, भांडी आणि मोरीसाठी बायोएन्झाइम तयार. संगमरवरावर मात्र वापरू नका, आम्लानं तो खराब होतो. चोथा खताच्या खड्ड्यात टाका.

आपल्या मोरीतून जाम नदीकडे कमी रसायनं जाणं, हीसुद्धा मी उपासनाच मानते. येत्या हंगामात एक कॅन घरी भरा आणि दुसरा शेजाऱ्यांना भरून द्या, मग ते कोणत्याही धर्माचे असोत.