03233 क्रमांकाची मादी

जानेवारी 2025. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या वाळूत एक ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची छोटी पट्टी होती आणि पट्टीवर आकडा : 03233. मार्च 2021 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला ही पट्टी लावली होती. देशाचं दक्षिण टोक ओलांडून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून ती कोकणात पोहोचली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या माद्या वेगवेगळ्या, असं तोवर मानलं जाई. एका आकड्यानं तो समज हलला.

नांदेड-लातूरच्या वाचकाला हे सगळं फार लांबचं वाटेल. पण मांजरा लातूरकडून वाहत जाऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. ओडिशाहून दक्षिणेला निघालेल्या या मादीला गोदावरीच्या मुखासमोरूनच जावं लागलं असणार. मराठवाड्याचं पाणी ज्या समुद्रात जातं, त्याच समुद्रातून ती आली.

असे आकडे वाचले जातात, कारण किनाऱ्यावर कुणीतरी रोज फिरत असतं. महाराष्ट्रात या कामाची सुरुवात झाली ती मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, म्हणजे नाना फडणवीसांच्या गावी. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी तिथे गेले असता त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तेव्हा अंडी माणसं नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. 2002 पासून संस्थेनं गावकऱ्यांनाच राखणीला उभं केलं. पुढे वन विभागाची साथ मिळाली आणि हे काम कोकणातल्या कितीतरी गावांत पोहोचलं. हे काम करणाऱ्यांना तिकडे ‘कासवमित्र’ म्हणतात.

काम दिसायला साधं, करायला चिकाटीचं. नोव्हेंबर ते मार्च हा मुख्य हंगाम. या दिवसांत कासवमित्र उजाडण्याआधी किनारा पालथा घालतो. वाळूवर मादीच्या येण्या-जाण्याचा माग दिसला की त्याच्या टोकाला भुसभुशीत जागा शोधायची, हातानं वाळू बाजूला करायची. दीड-दोन फुटांवर शंभर-सव्वाशे अंडी लागतात, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. ती न उलटता, हिंदकळू न देता टोपलीत घ्यायची आणि राखणीसाठी घातलेल्या कुंपणाच्या आत, मूळ घरट्याएवढ्याच खोल, घड्याच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवायची. तारीख, अंड्यांची संख्या, जागा लिहून काढायची. साधारण पन्नास दिवसांनी वाळू खचते आणि पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर. त्यामुळे तापमानाची नोंदही मोलाची ठरते. पिल्लं थेट पाण्यात टाकत नाहीत. त्यांना वाळूवरून चालत जाऊ देतात. हजारातलं जेमतेम एखादंच मोठं होतं, असं अभ्यासक मानतात.

वेळासनं 2006 पासून कासव महोत्सव भरवायला सुरुवात केली. पाहुणे घराघरांत उतरू लागले, आमटी-भात आणि उकडीच्या मोदकांवर गावाला चार पैसे मिळू लागले. अंडी राखण्यात गावाचाही फायदा दिसला, म्हणूनच हे काम टिकलं.

जगात इतरत्रही समुद्री जिवांवर असाच लोकांचा पहारा आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक सीलच्या अंगावरच्या ठिपक्यांचे फोटो काढून एकेक जनावर ओळखतात आणि ते वर्षानुवर्षं कुठे जातं ते टिपतात. भारताच्या किनाऱ्यावर सील नाहीत, कासवं आहेत.

आणि मराठवाड्यात पाणपक्षी आहेत. दर जानेवारीला आशियाई पाणपक्षी गणना होते. 1987 पासून ती स्वयंसेवकांच्याच बळावर चालली आहे. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचा पट्टा घातलेले पट्टकादंब हंस भारतातल्या तलावांवर दिसले आहेत. विष्णुपुरीच्या काठावर, मांजरा धरणाच्या पाणथळीत किंवा गावच्या पाझर तलावावर कधी असा पट्टा, कधी पायातलं कडं दिसलं, तर पक्ष्याच्या जवळ जाऊ नका. लांबूनच फोटो काढा, रंग, आकडा, जागा आणि तारीख लिहून घ्या आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला किंवा जवळच्या वन कार्यालयाला कळवा.